अचलपूर, गाविलगड, ऋद्धिपूर : एका दिवसाच्या स्थलयात्रेतील तीन साक्षी

१. विषयप्रवेश

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात अचलपूर हे प्राचीन नगर आहे. त्याच्या वायव्येस सातपुड्याच्या रांगेत गाविलगड हा विस्तीर्ण किल्ला असून पूर्वेस, काळ्या जमिनीच्या मैदानात, ऋद्धिपूर हे खेडे वसले आहे. नगर, पर्वत आणि ग्राम अशी ही तीन भिन्न प्रकृतीची स्थळे परस्परांपासून फार दूर नाहीत. सकाळी अमरावतीहून निघालेल्या मंडळींना अचलपूर पाहून, परतवाड्यावरून घाट चढून, दुपारपर्यंत चिखलदरा व गाविलगड गाठता येतो. आणि गडावरून उतरल्यावर चांदूर बाजारच्या वाटेने दिवस मावळण्याच्या सुमारास ऋद्धिपुरास पोचता येते. वऱ्हाडच्या इतिहासाची सुमारे दीड हजार वर्षे या एका दिवसाच्या वाटेवर पसरलेली आहेत.

अशा स्थलयात्रेत पाहणाऱ्यांच्या पुढे कोणीतरी सांगणारा असतो. कधी तो गावातील वृद्ध असतो, कधी शाळेतील शिक्षक, कधी किल्ल्याखालचा वाटाड्या. तो जे सांगतो त्यात राजांच्या कथा, देवांच्या कथा, नावांच्या व्युत्पत्ती आणि खरा इतिहास यांची सरमिसळ झालेली असते. ही सरमिसळ हसण्यावारी नेणे सोपे आहे, आणि ती जशीच्या तशी स्वीकारणे त्याहून सोपे आहे. अभ्यासकाचे काम या दोहोंच्या मध्ये आहे. स्थळाविषयी जे सांगितले जाते ते कोणत्या साधनाने टिकून राहिले, याचा शोध घेतल्यावाचून त्याचे मोल ठरत नाही.

या दृष्टीने पाहता वरील तीन स्थळांनी आपला भूतकाळ तीन निरनिराळ्या साधनांनी राखलेला दिसतो. नगराने तो मुख्यतः आपल्या नावात राखला. पर्वताने दगडावरील लेखात राखला. आणि खेड्याने तो गद्यात, म्हणजे माणसांच्या स्मरणातून उतरवून घेतलेल्या शब्दांत राखला. या तीन साक्षींची तुलना करणे आणि त्यांतील कोणती साक्ष कोठे कमी पडते हे दाखवणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. नगर : नावाची साक्ष

अचलपूर परिसराचे प्राचीनत्व वाकाटक काळापर्यंत निश्चितपणे नेता येते. नगराच्या नैऋत्येस थोड्या अंतरावर असलेल्या चम्मक या गावी द्वितीय प्रवरसेनाचा ताम्रपट मिळाला. त्यात भोजकट राज्यातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक, आणि ताम्रपटातील मधुनदी म्हणजे जवळून वाहणारी चंद्रभागा, हे अभ्यासकांनी स्वीकारले आहे. फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तकालीन लेखांच्या संग्रहात हा ताम्रपट प्रसिद्ध केला. ‘चर्मांक’ या नावातील रेफ लोपून व्यंजनाचे द्वित्व झाले आणि ‘चम्मक’ हे प्राकृत वळणाचे रूप दीड हजार वर्षे जवळजवळ तसेच राहिले. राज्ये गेली, दान घेणाऱ्यांचे वंश गेले, परंतु शेतकऱ्याच्या तोंडी असलेले गावाचे नाव हलले नाही.

स्वतः अचलपूरच्या नावाचा प्रवास याहून मनोरंजक आहे. बाराव्या शतकात गुजरातेत अणहिलवाड पाटण येथे राहून प्राकृत व्याकरण रचणाऱ्या हेमचंद्राने या नगराच्या नावासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्च केले आहे. ‘अचलपुर’ या शब्दातील च आणि ल यांची अदलाबदल होऊन ‘अलचपुर’ असे रूप होते, असे तो सांगतो. ज्याला भाषाशास्त्रात वर्णविपर्यय म्हणतात, त्याचे हे उदाहरण. त्याच्या आधी काही शब्दांवर ‘वाराणसी’चे ‘वाणारसी’ होते हे सांगितले आहे, आणि लगेच पुढच्या सूत्रात ‘महाराष्ट्र’ शब्दातील ह व र यांचा विपर्यय होऊन ‘मरहट्ठ’ होते, हा नियम आहे. वाराणसी आणि महाराष्ट्र यांच्या पंक्तीत अचलपूर बसले आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्या गावाचे नाव दूरच्या विद्वानांच्या कानावर वारंवार पडते, त्याच्याच नावाचा अपवाद व्याकरणात नोंदवावा लागतो. अचलपूर हे जैनांचे महत्त्वाचे केंद्र होते, हे या प्रसिद्धीचे एक कारण असावे. नगराजवळील मुक्तागिरी हे तीर्थ आजही जैन यात्रेकरूंना परिचित आहे. आणि प्राकृत निर्वाणकांडात मेंढगिरीचे स्थान सांगताना ते अचलपूरच्या ईशान्य भागात आहे, असा दिशेचा निर्देश केलेला आहे. नगर ही खूण आणि तिच्यावरून डोंगराची दिशा, ही वाट दाखवण्याची पद्धत या प्रदेशात जुनी आहे.

महानुभाव ग्रंथांत हेच नाव ‘आळजपूर’ अशा रूपाने येते. च या वर्णाचा ज झाला, ल या वर्णाचा ळ झाला, आणि वर्णविपर्यय तसाच राहिला. फारसी इतिहासकारांनी नगराचे नाव आपल्या लिपीत लिहिले. त्या लिपीत ळ नाही, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. फारसी दफ्तरांतून, आणि पुढे इंग्रजी दफ्तरांतून, जे रूप रूढ झाले ते ‘एलिचपूर’. स्वातंत्र्यानंतर ‘अचलपूर’ हे मूळ संस्कृत रूप पुन्हा व्यवहारात आले. अशा रीतीने ‘अचलपुर, अलचपुर, आळजपूर, एलिचपूर’ ही साखळी जुळते, आणि तिच्यातील पहिल्या दोन कड्यांना एका वैयाकरणाची साक्ष आहे.

परंतु अचलपुरात फिरताना सांगणारा ही साखळी सांगत नाही. तो ईल राजाची कथा सांगतो. ईल नावाच्या राजाने हे नगर वसवले, म्हणून ते ईलिचपूर. त्याच्याशी दूल्हा रहमान या गाझी वीराचे युद्ध झाले. आणि त्या वीराचा दर्गा आजही श्रद्धेचे स्थान आहे. ही कथा गझनीच्या महमूदाच्या काळाशी, म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभाशी, जोडली जाते. इतिहासाच्या दृष्टीने तिच्यात अडचणी आहेत. दक्षिणेतील पहिली नोंदलेली स्वारी अलाउद्दीन खलजीची. १२९६ मध्ये देवगिरीवर जाताना तो एलिचपूरच्या वाटेने गेला, आणि तहात या प्रांताचा वसूल त्याच्याकडे गेला. त्यापूर्वी जवळजवळ तीन शतके येथे असे युद्ध झाल्याचा समकालीन पुरावा नाही.

मग ही कथा निर्माण का झाली? याचे उत्तर नावातच आहे असे दिसते. वर्णविपर्यय झाल्यावर ‘अचल’ या शब्दाचा अर्थ लोकांच्या मनातून निघून गेला. ‘एलिच’ हा अर्थहीन भाग उरला. भाषा बोलणाऱ्यांना गावाच्या नावात अर्थहीन भाग सोसत नाही. त्यांनी त्यात राजा पाहिला. पुराणांतील ऐल वंश, वेरूळच्या एलापुराची दंतकथा, अशा आधारांवर राजा उभा राहण्यास वेळ लागला नसेल. म्हणून ईल राजाची कथा खोटी म्हणून टाकून देण्यापेक्षा, एका ध्वनिपरिवर्तनाने पाडलेली पोकळी भरून काढण्याचा तो समाजाचा प्रयत्न आहे, असे तिच्याकडे पाहणे अधिक योग्य ठरते.

नगराच्या दृश्य अवशेषांचा येथे थोडक्यात निर्देश पुरे आहे. बहमनी राज्य दुबळे झाल्यावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस फतहुल्ला इमादुल्मुल्क याने वऱ्हाडात स्वतंत्र सत्ता स्थापली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती बुडवली, आणि १५९६ मध्ये चांदबिबीच्या तहाने वऱ्हाड मोगलांकडे गेला. त्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त एलिचपूरचे वर्णन मोठे शहर व राजधानी असे आहे. तलावाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी हौज कटोरा, ईदगाह, दर्गे, पुढे नवाबांच्या काळातील तटबंदी व दरवाजे ही या वैभवाची चिन्हे होत. पुढे जिल्ह्याचे ठाणे हा मानही नगराने गमावला. १९०५ साली एलिचपूर जिल्हा अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. इमारतींपैकी बहुतेक पडक्या झाल्या आहेत. नगराचा सर्वांत जुना, आणि आजही वापरात असलेला अवशेष म्हणजे त्याचे नाव.

३. पर्वत : दगडाची साक्ष

अचलपुराहून घाट चढताना भूमी बदलते आणि साक्षीचा प्रकारही बदलतो. गाविलगडाच्या बांधणीविषयी फिरिश्ता या इतिहासकाराने निश्चित वर्ष दिले आहे. अहमदशाह वली बहमनीने १४२५ मध्ये एलिचपुरात मुक्काम करून गाविलगड बांधला आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याची दुरुस्ती केली, असे तो म्हणतो. येथेही नावाची साक्ष लेखी साक्षीच्या शेजारी ठेवून पाहावी लागते. ‘गाविल’ हा शब्द फारसी नाही. लोकपरंपरा त्याचा संबंध गवळी लोकांशी जोडते, आणि या डोंगरपठारांवर गुरे राखणाऱ्यांची वस्ती आजही आहे. बादशहाने संपूर्ण नवे स्थान वसवले की त्याला नवे नाव मिळण्याची चाल होती. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्याचे जवळचे उदाहरण. गाविलगडाच्या बाबतीत तसे झाले नाही. ज्या डोंगराला अगोदरच नाव होते आणि ज्यावर बहुधा काही वस्ती किंवा साधे गढीवजा बांधकाम होते, तेथे बहमनी सुलतानाने पक्का किल्ला उभारला, असा निष्कर्ष यावरून संभवतो. ‘गवळी’तील ळ या वर्णाच्या जागी आलेला ल फारसी लेखनामुळे स्थिर झाला असावा, हे एलिचपूरच्या उदाहरणावरून समजते.

गडावरील लेख मात्र अनुमानाला जागा ठेवीत नाहीत. फतहुल्ला इमादुल्मुल्काने हिजरी ८९३, म्हणजे इ. स. १४८८ च्या सुमारास, गडावर मोठी दुरुस्ती केली. दिल्ली दरवाजावरील शिल्प या काळाचे मानले जाते. त्यावर सिंह आहेत, आणि दोन तोंडांचा, चोचीत व पंजांत हत्ती धरलेला गंडभेरुंड पक्षी आहे. गंडभेरुंड हे कर्नाटकात व विजयनगरच्या राज्यात सुपरिचित चिन्ह होते. फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मण मुलगा, युद्धात पकडला जाऊन मुसलमान झालेला, असे फिरिश्ता सांगतो. त्यामुळे या शिल्पात त्याच्या जन्मभूमीची आठवण असावी, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. गडाच्या तटातील बहराम बुरुजावरील फारसी लेखात हिजरी ९८५, म्हणजे इ. स. १५७७, हा काल निघतो. तो निजामशाही अमलातील आहे. इमादशाही बुडाल्यानंतर तीनच वर्षांत नव्या धन्याने तटावर आपला शिक्का उमटवला, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या असता ध्यानात येते.

‘आईन-इ-अकबरी’त गाविल हा जवळजवळ अजोड बळकटीचा किल्ला म्हटला असून, त्यातील एका झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात, अशी नोंद आहे. या बळकटीची परीक्षा १८०३ साली झाली. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, आणि आर्थर वेलस्लीने गाविलगडाकडे मोर्चा वळवला. दक्षिणेचा कडा चढून गड घेणे शक्य नव्हते. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगराला वळसा घालून, वाट तयार करीत, सुमारे ३० मैल तोफा ओढत नेल्या आणि ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत उत्तरेचे तोंड गाठले. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला खिंडार पडून इंग्रज फौज आत शिरली. आतला कोट शाबूत होता. परंतु कॅप्टन कॅम्बेल याने ९४ व्या पलटणीच्या शिपायांसह शिड्या लावून तट चढला आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याच्या घरातील स्त्रियांनी अग्नी जवळ केला, ही कथा गडावर आजही सांगितली जाते. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूरजवळील देवगाव येथे तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्याला कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडावा लागला. गाविलगड व नरनाळा त्याच्याकडे राहिले, तेही १८२२ मध्ये गेले. १८५८ साली, तात्या टोपे हे किल्ले हाती घेतील या भीतीने, इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी निकामी केली.

हा वृत्तांत वर्ष व वार यांसह सांगता येतो, कारण त्याची साधने लेखी आहेत. मात्र ती सर्व सत्ताधाऱ्यांची आहेत. बांधणाऱ्याने लेख कोरला, जिंकणाऱ्याने खलिता लिहिला. ज्यांनी दगड वाहिले, तोफांसाठी जंगल तोडले, ज्यांच्या पाड्यांमधून ही फौज गेली, त्यांची एक ओळही कोठे नाही. हे लोक कोण होते, याचे उत्तर गडाच्या सभोवती आजही ऐकू येणाऱ्या कोरकू भाषेत आहे. ही भाषा मुंडा कुळातील, म्हणजे संथाळी व मुंडारी यांच्या नात्यातील आहे. त्या कुळाची ही सर्वांत पश्चिमेकडील शाखा होय. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. ‘कोरकू’ म्हणजे ‘माणसे’. एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस हिंदीच्या बोली असताना ही भाषा या डोंगरांत टिकून राहिली, हीच तिच्या प्राचीनत्वाची मोठी खूण आहे. पण तिला दगडावर किंवा कागदावर जुनी नोंद नाही.

त्यामुळे डोंगरावरील स्थळांचे अर्थ बाहेरून आलेल्यांनी लावले. चिखलदऱ्यास गेलेल्या प्रत्येकाला भीम-कीचकाची कथा ऐकवली जाते. भीमाने कीचकास मारून ज्या दरीत टाकले ती कीचकदरी, तीच पुढे चिखलदरा झाली. भीमकुंड तेथे जवळच आहे. आणि वैराट या शिखराचे नाव विराट राजावरून पडले. प्रथमदर्शनी ‘कीचक’चा ‘चिखल’ होणे हे ‘अचल’चे ‘अलच’ होण्यासारखेच वाटते. परंतु दोन्हींत भेद आहे. अचलपुराच्या बाबतीत दोन्ही रूपे लेखी सापडतात आणि विपर्यय पाहिलेला साक्षीदार आहे. चिखलदऱ्याच्या बाबतीत मधले एकही रूप सापडत नाही. शिवाय ख आणि ल हे वर्ण कोठून आले याचा उलगडा होत नाही. उलट ‘चिक्खल्ल’ हा प्राकृत शब्द मराठीत ‘चिखल’ म्हणून चालू आहे, आणि सातपुड्याच्या पावसात या पठाराची जी अवस्था होते ती पाहता ‘चिखलाचा दरा’ हा साधा अर्थ अधिक संभवनीय ठरतो. पौराणिक कथा ही येथे ‘वैराट’ या नावाच्या आधाराने वाढलेली दिसते. त्या शिखराला, त्या दरीला कोरकू माणूस आपल्या भाषेत काय म्हणत होता, हे कोणी वेळेवर विचारले नाही.

४. ग्राम : गद्याची साक्ष

डोंगर उतरून ऋद्धिपुरास येताना पाहणाऱ्याची अपेक्षा कमी होत जाते. येथे किल्ला नाही, कमान नाही, राजधानी तर कधीच नव्हती. परंतु मराठी भाषेच्या इतिहासात या खेड्याचे जे स्थान आहे, ते वऱ्हाडातील कोणत्याही राजधानीला नाही.

तेराव्या शतकात येथे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राउळ, राहत होते. महानुभाव पंथ त्यांना परमेश्वरावतार मानतो आणि ऋद्धिपुरास परमेश्वरपूर म्हणतो. चक्रधरांनी त्यांच्यापासून ज्ञानशक्ती स्वीकारली, अशी पंथाची श्रद्धा आहे. चक्रधरांच्या निर्गमनानंतर नागदेव ऊर्फ भटोबास आणि इतर शिष्य गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी ऋद्धिपुरी आले. येथील वाजेश्वरी या स्थानी राहून म्हाइंभटाने, १२७८ च्या सुमारास, चक्रधरांच्या आठवणी संग्रहित करून लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे गोविंदप्रभूंच्या आठवणींचे चरित्रही त्यानेच लिहिले. महदंबेचे धवळे गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने येथेच रचले गेले. ती मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते. ग्रंथ संस्कृतात रचण्याचा विचार नागदेवाने मोडून काढला, कारण त्यामुळे पंथातील साध्याभोळ्या स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या, ही कथा प्रसिद्धच आहे. मराठी गद्याचा पाया अशा रीतीने ऐकणाऱ्यांची काळजी घेण्यातून घातला गेला.

म्हाइंभटाच्या कामाची पद्धत येथे विशेष महत्त्वाची आहे. ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते, त्यांना गाठून त्याने एकेक प्रसंग विचारून घेतला आणि तो नागदेवाकडून तपासून घेतला. ज्या प्रसंगाविषयी दोघांची स्मरणे जुळत नाहीत, तेथे दोन्ही पाठ सांगणाऱ्याच्या नावासह नोंदण्याची प्रथा महानुभाव पोथ्यांत आढळते. आपल्याला जे माहीत आहे ते कोणाकडून माहीत झाले, हे सांगण्याची ही शिस्त आजच्या संशोधनालाही आदर्श वाटावी अशी आहे. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. गडाचा तट एकदा निकामी केला की तो निकामीच राहतो. ही पोथी मात्र पुन्हा लिहिता आली.

स्थलयात्रेच्या दृष्टीने याहून जवळचा ग्रंथ म्हणजे स्थानपोथी. चौदाव्या शतकातील मुनिव्यास, ज्यांना कोठी असेही म्हणतात, यांनी चक्रधर व गोविंदप्रभू जेथे जेथे गेले, बसले, राहिले, त्या स्थानांची नोंद या ग्रंथात केली. ही स्थाने त्यांनी स्वतः फिरून निश्चित केली, अशी परंपरा आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाचे संपादन केल्यामुळे तो अभ्यासकांना सुलभ झाला. त्याचे स्वरूप पुढे चाललेल्या वाटाड्याच्या बोलण्यासारखे आहे. अमुक गाव, त्याच्या अमुक दिशेस नदी, नदीच्या अमुक काठी देऊळ, देवळाचे तोंड अमुक दिशेस, आत गेल्यावर अमुक कोनात बसण्याची जागा, अशा क्रमाने तो वाचणाऱ्याला नेतो. वाक्ये आखूड आहेत, अलंकार नाहीत, क्रियापद अनेकदा गाळलेले आहे. जगती म्हणजे देवळाभोवतीची भिंत, पटिशाळ म्हणजे ओवरी, अशी यादवकालीन वास्तूंची शब्दसंपत्ती या ग्रंथांत साठून राहिली आहे. कोणती जागा मुक्कामाची, कोणती एका रात्रीच्या वसतीची, कोणती केवळ आसनाची, असा भेदही पाळला आहे. मराठीतील स्थलवर्णनाचे हे आद्य गद्य होय.

याच खेड्यावर नारायण व्यास बहाळिये यांचे ऋद्धिपुरवर्णन हे ओवीबद्ध काव्यही आहे; महानुभावांच्या सात मान्य काव्यग्रंथांत त्याची गणना होते. परंतु काव्य गावाची महती गाते आणि स्थानपोथी गावाची जागा दाखवते. देऊळ पडले, नदीने पात्र बदलले, तरी दिशा व कोन यांवरून जागा पुन्हा शोधता येते. आज राजमठात किंवा वाजेश्वरीस आलेला यात्रेकरू ज्या ओट्यापुढे मस्तक ठेवतो, त्या ओट्याचे स्थान अशा नोंदींनी सांभाळले आहे.

या साधनालाही मर्यादा आहेत. ते श्रद्धावंतांनी श्रद्धावंतांसाठी लिहिले. चक्रधर जेथे बसले नाहीत, त्या जागेशी स्थानपोथीला कर्तव्य नाही. शिवाय पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळा यांसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. त्यामुळे ग्रंथांचे रक्षण झाले, पण उर्वरित महाराष्ट्र काही शतके या गद्याला मुकला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली आणि मठांतील पोथ्या संशोधकांसमोर येऊ लागल्या. पुढे गोविंदप्रभूंचे चरित्र ॲन फेल्डहाऊस यांनी इंग्रजीत आणले. ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य ऋद्धिपुरात सुरू झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

५. उपसंहार

तीन साक्षींचा हा तौलनिक विचार केवळ वऱ्हाडच्या अभिमानापुरता नाही. नाव दीर्घकाळ टिकते, पण त्याचा अर्थ हरवला की कथा त्याची जागा घेते. शिलालेख अचूक असतो, पण तो कोरणाऱ्याचेच सांगतो. गद्य नोंद या दोहोंची उणीव भरून काढू शकते, मात्र त्यासाठी कोणीतरी वेळेवर विचारावे लागते, उत्तर देणाऱ्याचे नाव लिहावे लागते, आणि न जुळणारी उत्तरेही जपावी लागतात. म्हणून स्थळ दाखवणाऱ्याने कथा सांगू नये असे नाही. कथा ही कथा म्हणून, लेख हा लेख म्हणून आणि स्मरण हे स्मरण म्हणून सांगावे, एवढीच अपेक्षा आहे. ईल राजा आणि कीचक यांना स्थलयात्रेत स्थान आहे, परंतु ते हेमचंद्राच्या किंवा बहराम बुरुजाच्या पंक्तीत नाही.

या विवेचनातून एक कर्तव्यही निष्पन्न होते. १९७३-७४ मध्ये मेळघाटात व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड, आणि नंतर आमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड अशी गावे जंगलातून उठून पायथ्याकडे, अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा परिसरात वसवली गेली. वाघाचे रक्षण आवश्यक आहे, आणि पुनर्वसित लोकांच्या सुखदुःखांचा विचार हा स्वतंत्र विषय आहे. परंतु गाव उठले की त्याबरोबर ओढ्याचे, टेकडीचे, पाणवठ्याचे, पूर्वजांच्या स्मारकखांबांच्या जागेचे नावही उठते. ती नावे शासकीय नकाशात नाहीत. ती ज्यांना माहीत आहेत ती माणसे आज वृद्ध आहेत, आणि त्यांची नातवंडे मैदानातील शाळेत मराठी शिकत आहेत. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या खंडात कोरकूचे व्याकरण आले, १९६० मध्ये नॉर्मन झाइड यांनी तिच्या ध्वनिव्यवस्थेचा सखोल अभ्यास केला. स्थळनामांचा संग्रह हे त्यापुढचे काम आहे.

त्यासाठी नवी पद्धत शोधण्याची गरज नाही. ती सातशे वर्षांपूर्वी, गाविलगडापासून एका दिवसाच्या वाटेवर, एका खेड्यात सिद्ध झालेली आहे. गावाच्या कोणत्या दिशेस काय होते, कोणत्या झाडाखाली कोण बसत असे, त्या जागेला काय म्हणत, आणि हे कोणी सांगितले, एवढे साध्या वाक्यांत लिहून ठेवायचे आहे. मराठीने आपल्या पहिल्या गद्यात जे स्वतःसाठी केले, ते शेजारच्या डोंगरातील भाषेसाठी करणे तिला अशक्य नाही. उठून गेलेल्या गावांतील जाणती माणसे अकोटच्या परिसरात अद्याप भेटू शकतात.